मुलांचे ताट आणि दुरून येणारा सल्ला



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राज्यकारभार यांची अपेक्षा असते. आज मी घेतलेला विषय मात्र स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरचा आहे. दीड वर्षाचे मूल तोंडात घास धरून बसले आहे, आई हातात वाटी घेऊन त्याच्यामागे ओसरीपासून अंगणापर्यंत फिरते आहे, आणि तो घास गिळला जावा म्हणून कावळा, चिमणी, मांजर, रस्त्याने जाणारी एस. टी., जे दिसेल ते साक्षीला बोलावले जात आहे. हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे, आणि पुष्कळांनी त्यात वाटी धरण्याचे कामही केले आहे. या दृश्यालाही इतिहास आहे. मुलाला कसे जेवू घालावे हे आईला कोणी सांगितले, कोठून सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, आणि तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतले, असे विचारीत गेलो म्हणजे नांदेड-लातूरकडच्या गेल्या शंभर वर्षांतील बराच सामाजिक इतिहास आपोआप हाती लागतो.

विषयाची मर्यादा आधीच सांगतो. ताटाशेजारी बसलेल्या आजीच्या सल्ल्याबद्दल मी थोडेच बोलणार आहे. माझा मुख्य विषय आहे तो ताटापासून दूर असलेल्या सल्लागाराचा. म्हणजे ग्रंथकार, मासिकाचा संपादक, नभोवाणीवरचा वक्ता, आणि अलीकडे टेलिफोनच्या पडद्यावर दिसणारी डॉक्टरीणबाई किंवा पर्यवेक्षिका. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा दुरून आलेला सल्ला जेथे एकतर्फी राहिला तेथे तो आईवर हुकूम होऊन पडला, आणि आईने तोच हुकूम मुलावर बजावला. जेथे आईला उलट विचारण्याची सोय होती, तेथे त्याचा काही उपयोग झाला. आपल्या मराठवाड्याला ही सोय फार उशिरा मिळाली.

पहिला दूरचा सल्लागार म्हणजे आपला वैद्यक ग्रंथकार. बाळाची उष्टावण आपल्याकडे सहाव्या-सातव्या महिन्यात होते, आणि सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असेच सांगितले आहे. काश्यपसंहिता हा तर खास बालरोगांचा ग्रंथ. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा क्रम दिला आहे. आजचे वैद्यक दहाव्या महिन्यापर्यंत थांबू देत नाही. सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाबरोबर मऊ, घट्टसर अन्न सुरू करा असे ते सांगते. तेव्हा प्राचीनांचे सर्वच ग्राह्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु चरकसंहितेच्या शारीरस्थानातील एक सूचना मला फार मोलाची वाटते. तेथे असे सांगितले आहे की, मुलाला भीती घालणे चांगले नाही. ते रडत असले, जेवत नसले किंवा ऐकत नसले तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये. या ठिकाणी ‘जेवत नसले तरी’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. याचा अर्थ उघड आहे. त्या काळच्या आयाही न जेवणाऱ्या मुलाला पिशाच दाखवीत होत्या, नाहीतर वैद्याला हे लिहिण्याचे कारण पडले नसते. बागुलबुवाची परंपरा किती जुनी आहे याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. आणि हा सल्ला घराघरांत पोचला नाही याचा पुरावा तर आपणच आहोत. आपल्यापैकी कितीजणांना ‘पोलीस येईल’, ‘डॉक्टर सुई टोचील’ असे ऐकत वरणभात गिळावा लागला आहे!

घरातल्या आजीचे ज्ञान मात्र जवळचे होते, म्हणून ते टिकले. चिऊचा घास, काऊचा घास ही तिची युक्ती आपण बालिश समजतो. वास्तविक तिच्यात पुष्कळ शहाणपण आहे. घास लहान होतो, मध्ये थोडी उसंत मिळते, मूल मान हलवून होकार-नकार देऊ शकते, आणि भरवणारी बाई त्याच्या तोंडाकडे पाहत असते. पण आजीचे गुणगान करताना दुसरी बाजू विसरू नये. तीच आजी ‘ताटात टाकायचे नाही’ म्हणून शेवटचा घास कोंबतही असे. सासूच्या देखत आपल्या मुलाला आपल्या मनाने भरवण्याची मुभा नव्या आईला क्वचितच होती. आणि घरातले सर्व जेवल्यावर मागे उरलेल्यावर ती स्वतः जेवत असे. जेवू घालण्याचा हट्ट आपल्या भक्तीतही उतरला आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या नामदेवांच्या बाळपणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. नैवेद्य देवाने प्रत्यक्ष खाल्लाच पाहिजे म्हणून बाळ नामा अडून बसतो आणि अखेर देवाला जेवावे लागते. त्या कथेतला हट्ट मुलाचा आहे आणि जेवायचे आहे देवाला. आपल्या घरात भूमिका नेमक्या उलट असतात, आणि हट्ट बहुधा हरतो.

आता छापील सल्ल्याकडे येऊ. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींचे वैशिष्ट्य असे की, मुलांना शिकवण्याइतकेच पालकांना शिकवणे हे आपले काम आहे असे त्यांनी मानले. गिजुभाईंच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘आईबाप होणे अवघड आहे’ असा आहे. ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. माँटेसरीबाईंच्या विचारांतून आलेला त्यांचा आग्रह असा की, मुलाला स्वतःच्या हाताने करू द्यावे. सांडेल, माखेल, पण हात त्याचा असावा. जेवणाच्या पाटावर हा आग्रह आणला म्हणजे काय होते हे सांगायला नको. आपल्या कित्येक घरांत चार वर्षांच्या मुलालाही भरवावे लागते, आणि त्याचे खरे कारण एवढेच की सांडलेले पुसायला कोणाला वेळ नाही. इकडे १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. मुंबई-पुण्याच्या, कोल्हापूर-सांगलीच्या शिकलेल्या गृहिणीला संसाराविषयी छापील सल्ला घरबसल्या मिळू लागला, आणि पत्र लिहून उलट विचारताही येऊ लागले.

हा सल्ला त्या वेळी नांदेड-लातुरात किती पोचला असेल? तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे मराठी मुलखाचे पाच जिल्हे, आणि लातूर हे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापाराचे गाव. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठीतून शिकायचे तर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या मोजक्या संस्था. अशा स्थितीत मुलींचे शिक्षण किती झाले असेल याची कल्पना करावी. पुण्यात छापलेले मासिक कोणा वकिलाच्या किंवा सावकाराच्या घरी माहेरवाशिणीबरोबर येई आणि तेथेच राही. शेतावर निंदणी-खुरपणी करणाऱ्या, मुलाला झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत ठेवणाऱ्या बाईशी त्याचा काही संबंध नव्हता. तिच्यासाठी लिहिणारा कोणी नव्हता, आणि कोणी लिहिले असते तरी ते तिला वाचता आले नसते. निजामाविरुद्धच्या लढ्याचा इतिहास सांगताना आपण भाषेच्या अन्यायाबद्दल बोलतो ते शाळा-कचेऱ्यांच्या संदर्भात. मला तो अन्याय मुलांच्या ताटापर्यंत पोचलेला दिसतो.

अक्षरांची अडचण नभोवाणीने दूर होईल असे पुढे वाटू लागले. या बाबतीतला एक प्रयोग जगात गाजला, आणि तो मराठी मुलखातच झाला. १९५६ च्या आरंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत १५० गावी श्रोतृमंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपसात चर्चा करायची, शंका पत्राने केंद्राकडे पाठवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरे ऐकायची, अशी योजना होती. विषय शेतीचे आणि ग्रामसुधारणेचे होते, बाळाच्या जेवणाचे नव्हते. पण दुरून शिकवण्याची खरी रीत तेथे दिसून आली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे ज्ञानात थोडीच भर पडली. जेथे मंडळ होते, चर्चा होती, उलट प्रश्न होता, तेथे ती कितीतरी अधिक पडली. प्रयोग झाला तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. आपण मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. थोडक्यात, गाडी आपल्या स्थानकावर येण्याआधीच निघून गेली होती.

येथे १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. सभागृहात ज्यांचे केस पांढरे आहेत त्यांना तो सांगावा लागणार नाही. खडी फोडायला आणि तलाव खोदायला सारे गाव जात होते, मुलांना सुकडी मिळत होती, आणि घरात परदेशातून आलेल्या मिलोची लालसर भाकरी होत होती. पांढऱ्याशुभ्र ज्वारीवर वाढलेल्या आपल्या मुलखाला ती भाकरी गळ्याखाली उतरत नव्हती. मोठ्यांनी ती भुकेपोटी खाल्ली. लहान मुले तोंड फिरवीत. त्या वेळी कोणी सल्लागार येऊन ‘मुलाला जबरदस्ती करू नका, त्याला निवड करू द्या’ असे म्हणाला असता तर आईने त्याला काय उत्तर दिले असते? निवड करायला ताटात दोन पदार्थ तरी हवेत. आनंदाच्या जेवणाविषयीचे सगळे शास्त्र ही गोष्ट गृहीत धरून चालते, आणि हे गृहीत आपल्याकडे दर चार-पाच वर्षांनी खोटे ठरते.

शिकागोतील क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंचा प्रयोग या संदर्भात आठवतो. नुकत्याच अंगावरून तुटलेल्या पंधरा मुलांपुढे त्यांनी अनेक साधे पदार्थ मांडले, आणि दायांना सक्त ताकीद दिली की मुलाने हात पुढे केल्याशिवाय भरवायचे नाही, ‘हे खा’ असे सुचवायचेही नाही. १९३९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मुले आपल्या मनाने खाऊन चांगली वाढली होती. या प्रयोगाच्या आधारे पुष्कळांनी ‘मुलाच्या पोटाला सगळे कळते’ असा डांगोरा पिटला. पण बाईंनी स्वतः स्पष्ट सांगितले होते की, खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत एकही निकस वस्तू नव्हती. काय वाढायचे हे मोठ्यांनी ठरवले आणि किती खायचे हे मुलांनी. ही कामाची वाटणी मला फार न्याय्य वाटते. सक्तीने काय होते तेही अमेरिकेतच तपासले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना ‘सूप संपव’ असा आग्रह केला तेव्हा ती आग्रह नसतानापेक्षा कमी प्याली, आणि त्याच सुपाबद्दल अधिक कुरकुर करू लागली. आपल्या आज्यांना हे एका घासात कळले असते, पण त्यांना आकडे मांडता येत नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि पुढे तिच्या अंगणवाड्या आपल्या गावोगाव आल्या. ‘अंगणवाडी’ ही कल्पना मूळची ताराबाईंची आणि अनुताई वाघांची. बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केल्यावर वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तिच्यामुळे सल्लागार प्रथमच आपल्या गल्लीत राहायला आला. सेविका गावचीच, तिची भाषा आपलीच, आणि बहुधा तिचे मूलही शेजारच्याच खोलीत न जेवणारे! हे फार मोठे काम झाले, आणि ते अगदी तुटपुंज्या मानधनावर झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

तथापि अंगणवाडीत वजनकाटा होता, आणि काट्याने एक नवी अडचण निर्माण केली. मुलाचे वजन महिन्याच्या महिन्याला तक्त्यावर मांडले जाऊ लागले. हेतू चांगला होता. पण ठिपका खाली गेला की आईला वाटू लागले, आपण परीक्षेत नापास झालो. चार बायकांसमोर ‘लक्ष द्या, बाई’ असे ऐकून घरी गेलेली आई त्या संध्याकाळी काय करणार? ती मुलाचे नाक दाबून दूध पाजणार. काट्याने कुपोषण दाखवले, पण ते ताटाशी कसे घालवायचे हे काटा सांगू शकत नव्हता. वरून आलेली सूचना ‘पौष्टिक आहार द्यावा’ एवढ्या तीन शब्दांची असे. लातूरचेच उदाहरण घ्या. सबंध देशाला तूरडाळ पुरवणाऱ्या गिरण्या ज्या गावात आहेत, त्याच गावात बाळाला वरणाचे वरचे पाणी पाजण्याची रीत घरोघर आहे. पाण्याने पोट भरते आणि डाळ खाली राहते. चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकरी आणि वर तेलाची किंवा तुपाची धार, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण ते चूलीपाशी बसून, वाटी हातात घेऊन सांगावे लागते.

अशा बसून सांगण्याचा रीतसर प्रयोग आपल्या जुन्या संस्थानाच्याच भूमीवर झाला, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी नलगोंडा जिल्ह्यातील ६० गावांत सुमारे ६०० माता आणि त्यांची तान्ही मुले निवडली. मुले तीन महिन्यांची असल्यापासून पंधरा महिन्यांची होईपर्यंत हे काम चालले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीच्या अंगणवाडी सेवा मिळाल्या. दुसऱ्या गटातल्या आयांना त्याखेरीज काय आणि किती भरवायचे हे गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायका घरी येऊन सांगत. तिसऱ्या गटाला याबरोबरच कसे भरवायचे तेही सांगितले गेले. म्हणजे मुलाकडे पाहून, त्याच्याशी बोलून, त्याची भूक आणि त्याचे पोट भरल्याची खूण ओळखून भरवायचे, आणि त्याच्याशी खेळायचे. सल्ला मिळालेल्या दोन्ही गटांतली मुले अधिक सकस खाऊ लागली. वजनात मोठा फरक पडला नाही. खुजेपण थोडे कमी झाले ते दुसऱ्या गटात. पण तिसऱ्या गटातल्या मुलांची बौद्धिक वाढीची मापे सरस ठरली. वजनकाट्याला जे दिसले नसते ते येथे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न संस्थेने २००३ मध्ये याच अर्थाची तत्त्वे सांगितली होती: सावकाश भरवा, प्रोत्साहन द्या पण सक्ती करू नका, जेवताना मुलाशी बोला, लक्ष विचलित करणाऱ्या वस्तू दूर ठेवा. चरकाचा निरोप दोन हजार वर्षांनी जिनिव्हामार्गे परत आला म्हणा ना.

याच्या जोडीला नांदेडचे एक उदाहरण सांगतो. ते शास्त्रीय नाही, पण कोणालाही जाऊन पाहता येईल असे आहे. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात सहकुटुंब बसलेल्या लोकांकडे पाहावे. घरी अर्धी पोळी खाताना रडणारी मुले पंगतीत मुकाट्याने दालरोटी खाताना दिसतात. आजूबाजूला सगळे तेच खात असतात, वाढणारा आला की हात पुढे करायचा असतो, आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे टक लावून बसलेले नसते. बालवाडीतील डब्याच्या वेळी शिक्षिकांना हाच अनुभव येतो.

आता शेवटच्या टप्प्याकडे वळतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, अंगणवाड्या बंद झाल्या, आणि शिजवलेल्या आहाराच्या जागी कोरडा शिधा घरपोच मिळू लागला. सेविकेला घरात बसून सांगता येईना. त्या वर्षीच्या पोषण महिन्यात राज्याच्या महिला व बालविकास खात्याने ‘तरंग सुपोषित महाराष्ट्राचा’ हा उपक्रम सुरू केला. दूरध्वनीवर क्रमांक फिरवून किंवा व्हॉट्सॲपवरून प्रश्न विचारून गरोदरपण, स्तनपान आणि मुलाचा आहार यांविषयी माहिती मिळावी अशी ती सोय होती. त्याच वर्षी २५ मार्चला दूरवैद्यकाचे नियम देशात लागू झाले होते, आणि बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ दृश्य-संभाषणातून पालकांशी बोलू लागले होते. ज्या मुलांना गिळण्याचा त्रास असतो किंवा जी मोजकेच पदार्थ खातात, त्यांच्या पालकांना यातून एक अनपेक्षित लाभ झाला. दवाखान्यात मूल डॉक्टरांच्या टेबलाशी बसते, तेथे ते नेहमीसारखे जेवत नाही. टेलिफोन फडताळावर टेकवून ठेवला की सल्लागाराला घरातलेच जेवण दिसते: मूल केव्हा मान फिरवते, त्या क्षणी आई काय म्हणते, बाबा मागून काय ओरडतात, दूरदर्शन चालू आहे की बंद. चांगला सल्लागार तेवढ्यावर लगेच उपदेश सुरू करीत नाही. आधी आईलाच विचारतो, ‘आत्ता त्याने मान फिरवली तेव्हा तुम्हांला काय वाटले?’ पुण्याच्या श्रोतृमंडळांतली उलट प्रश्नाची सोय ६४ वर्षांनी अशी घरात आली. फरक एवढाच की, या वेळी प्रश्न सल्लागार विचारीत होता.

पण त्याच यंत्राने दुसऱ्या दाराने घोटाळाही आणला. आज कित्येक घरांत टेलिफोनवर गाणे लावल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही. चिमणी-कावळ्याची जागा पडद्यावरच्या चित्राने घेतली. चिमणी उडून जात असे, मग मूल आईकडे पाही; पडद्यावरचे चित्र उडून जात नाही. मूल काय खाते आहे हे त्याला कळत नाही, आणि पोट भरले हेही कळत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. तो सल्ला आपल्यापर्यंत पोचतो तोही बहुधा पडद्यावरूनच.

आणि या सर्वांहून अवघड गोष्ट आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटे अंधारात दोघे फडात जातात. तान्हे मूल बरोबर न्यावे तर ते पाचटावर आणि बैलगाडीखाली वाढते, सकाळच्या भाकरीवर दिवस काढते. मागे ठेवावे तर आजीजवळ. शाळेतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला वसतिगृह नसते. २०२० च्या एप्रिलमध्ये ही माणसे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली होती, तेव्हा सर्व महाराष्ट्राला त्यांची आठवण झाली. एरवी ती हिशेबात नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात ११ टक्के निघाली, आणि महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही खाली होता. त्या आकड्यात ही मुले आहेत.

या घरांत दूर राहणारी व्यक्ती म्हणजे खुद्द आई. संध्याकाळी फडावरून कोपीवर आल्यावर ती गावाकडे फोन लावते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘जेवला का गं?’ आजी ‘हो’ म्हणते, कारण दुसरे काय म्हणणार? तीनशे किलोमीटरवरून ऐकणाऱ्या सुनेला नाही म्हणून तिची झोप कशाला उडवायची? याच फोनवर आईने ‘काय खाल्लं, कुणासंगं बसून खाल्लं, हातानं खाल्लं का’ असे विचारले, आणि आजीने वाटी पडद्यासमोर धरून दाखवली, तर तो सल्ला कोणत्याही तज्ज्ञाच्या सल्ल्याइतकाच उपयोगी पडेल असे मला वाटते. परंतु बहुतेक घरांत फोन एकच असतो, आणि तो टोळीबरोबर जातो. अंगणवाडीच्या नोंदवहीत क्रमांक असतो तो आईबापांचा. पोषण महिन्याचा संदेश, पाककृतीची चित्रफीत, वजन घेण्याची तारीख, हे सर्व ऊसाच्या फडात जाऊन पोचते, आणि मूल मुखेडला आजीच्या मांडीवर असते. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, सेविकेने प्रत्येक घरी जाऊन मागे राहणाऱ्या आजीचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक वहीत टिपून घ्यावा. आणि जिच्याकडे फोन नाही त्या आजीच्या घरी आठवड्यातून एकदा, मुलाच्या जेवणाच्या वेळेला, जाऊन बसावे. एका गावात अशी घरे पंधरा-वीस असतात. त्यांची यादी सरपंचाला तोंडपाठ असते.